राजेश्री सिस्टर घाबरली की हसते

माझ्या नाकावर राग असतो, हे जिंतूरच्या आमच्या दवाखान्यात झाडूवालीपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली चौदा वर्षं बायकांच्या वॉर्डची इनचार्ज म्हणून. चादरीला सुरकुती दिसली तरी माझा आवाज चढतो. तेव्हा राजेश्रीबद्दल मी हे काही मायेपोटी सांगतेय असं समजू नका. सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतेय.

राजेश्री घाबरली की हसते. एवढं एक वाक्य मी वेळेवर चार माणसांना सांगितलं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं.

लाजून हसणारी, कसनुसं हसणारी माणसं पुष्कळ असतात. हिचं तसं नाही. पेशंटचा श्वास अडकला, नाडी लागेना, की हिच्या पोटातून हसू उसळून येतं. खांदे गदगदतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, तोंडातून शब्द फुटत नाही. हात तेवढे शहाण्यासारखे काम करत असतात.

सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे लागली. येलदरीच्या धरणाकाठच्या खेड्यातली, बुटकी, तुरुतुरु चालणारी, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी. पहिल्याच महिन्यात एका बाईला रक्त चढवायला लावलं होतं आणि मी स्टोअरमध्ये होते. वॉर्डातून हसण्याचा आवाज आला, अगदी खिदळणं म्हणावं असा. मी तणतणत गेले. हा दवाखाना आहे, जत्रा नाही, हे वाक्य तोंडात तयार होतं. बघते तर पेशंट हुडहुडी भरल्यासारखी थडथडतेय, आणि राजेश्रीनं हसत हसतच रक्ताची नळी बंद केलीय, ऑक्सिजन लावलाय आणि एका हातानं नाडी धरलीय. दुसऱ्या हाताचं बोट आधी पेशंटकडे, मग दाराकडे. म्हणजे डॉक्टरांना बोलवा. रक्ताची रिॲक्शन आली होती. बाई वाचली. दुपारी मी राजेश्रीला ड्युटीरूममध्ये घेतलं आणि विचारलं, हा काय चावटपणा चालवलाय.

"मॅडम, मला भ्या वाटलं की असंच होतंय," ती म्हणाली. "ल्हानपणापासून हाय. मी मुद्दाम न्हाई करत."

मी विश्वास ठेवला नाही. पुढे तिचा बाप भुजंगराव पोटाच्या दुखण्यानं आमच्याकडे आठ दिवस पडून होता, त्यानं सांगितलं तेव्हा ठेवला. "नऊ वर्साची आसंल," तो म्हणाला. "मी जाळं टाकायलो होतो, पाय गुतला अन् गेलो की पाण्यात. ही काठावर उभी राहून हसायली. पल्याडच्या रानातली माणसं बघायली, त्यांना वाटलं बापलेकीचा खेळ चालू हाय. एक जण आला न्हाई. कसाबसा निघालो भाईर, अन् आधी हिच्या थोबाडीत हानली." मग म्हणाला, "पोरगी तीन दिवस तापानं फणफणली. तवा कुठं मला उमगलं."

लग्नाच्या वेळी पाहुणे बघायला आले, तेव्हाही ती घाबरून हसतच होती म्हणे. सासू खूश. पोरगी हसतमुख आहे म्हणून तिथल्या तिथे सुपारी फुटली. आता सासू म्हणते, आम्हाला फसवलं.

मला मात्र तिच्या या खोडीचा उपयोग कळला. आमच्या वॉर्डात मॉनिटर दोन, त्यातला एक मनात येईल तेव्हा चालणारा. तिसरा राजेश्री. तिचं हसू कानावर आलं की मी हातातलं टाकून पळायची. सहा वर्षांत ते एकदाही खोटं ठरलं नाही. पण ही गोष्ट मी कोणाला बोलले नाही. माझ्या वॉर्डातलं वेडंवाकडं काही बाहेर जाऊ द्यायची मला सवयच नाही.

गेल्या वर्षी एक म्हातारी गेली. राजेश्री तिच्या छातीवर दाब देत होती, घामानं निथळत होती आणि हसत होती. दारातून नातवानं पाहिलं. तक्रार झाली. आमच्या दवाखान्याचा ट्रस्ट परभणीचा, आणि त्याचे अध्यक्ष अनंतराव हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला बोलावून घेतलं. "उत्तरा सिस्टर," ते म्हणाले, "अजून एक तक्रार आली, की मला त्या मुलीला ठेवता येणार नाही."

मी राजेश्रीला हे सांगितलं, तर ती हसायला लागली. थांबेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग ती म्हणाली, "मॅडम, मला दुसरं काय येतंय? रानात जमलं न्हाई, घरात जमलं न्हाई. हितंच तेवढं जमायलंय." खोटं नव्हतं ते. जिची शीर डॉक्टरांना सापडत नाही, तिची शीर राजेश्रीला डोळे मिटून सापडते. ही मुलगी गेली असती तर माझ्या वॉर्डाचा उजवा हात गेला असता.

याच सुमारास परभणीहून मैत्रेयी आली. नर्सिंगच्या वरच्या पदवीची विद्यार्थिनी, चष्मेवाली, कामसू. हास्योपचाराबद्दल परिचारिकांना किती समज आहे, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आधी तीस प्रश्नांचा एक पेपर, मग ती तासभर शिकवणार आणि पुस्तिका वाटणार, आठ दिवसांनी पुन्हा तोच पेपर. आम्ही अठरा जणी शाळेतल्यासारख्या बाकांवर बसलो. मला तीसपैकी सव्वीस पडले. हसण्यानं शरीरात काय वाढतं, काय कमी होतं, रोज किती मिनिटं हसावं, मला सगळं येत होतं. राजेश्रीला अकरा. 'हसल्याने भीती कमी होते' या वाक्यापुढे तिनं 'चूक' वर खूण केली होती, आणि मैत्रेयीनं तिचा गुण कापला होता. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. वॉर्डाची अब्रू घालवलीस म्हणाले.

शिकवणीच्या तासाला राजेश्रीनं एकच गोष्ट विचारली. "कुणाला हसवायचं न्हाई, ते कुठं लिवलंय?"

मैत्रेयीनं पुस्तिका उलटसुलट केली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात चार ओळी निघाल्या. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेले, हर्नियाचे, गर्भार बाया, हृदयाचा त्रास असलेले, यांनी जोरात हसू नये. "हे पेपरात नाहीये," मैत्रेयी म्हणाली. राजेश्रीनं तरी ते पान दुमडून ठेवलं. मी घड्याळ बघत होते.

अनंतराव रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या मैदानावर हास्यक्लबाला जातात. मैत्रेयीचा अभ्यास त्यांच्या कानावर गेला आणि फर्मान निघालं: दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता दवाखान्यात हास्यवर्ग. कोणी घ्यायचा ते इनचार्जनं ठरवावं. आणि मला एक अक्कल सुचली. राजेश्रीलाच हास्यवर्गाची प्रमुख करायचं. एकदा कागदावर तिच्या नावापुढे हसणं लागलं, की ती उद्या कुठेही हसो. कोणी तक्रार घेऊन आलाच, तर सांगता येईल की अहो, ही आमची हास्यवर्गाची सिस्टर, तिचं कामच ते. आठ दिवस मी स्वतःवर खूश होते. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत.

"नको मॅडम," राजेश्री म्हणाली.

"का नको?"

"मला खोटं हसता येत न्हाई."

"शिकशील."

शिकली नाही. मंगळवारी वॉर्डाबाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. राजेश्री पुढे उभी राहून 'हा-हा, हो-हो' करायची, ते गोळ्या मोजल्यासारखं. पेशंटच तिची कीव येऊन हसायच्या. वर्ग संपला की ती ड्युटीरूममध्ये येऊन पाणी प्यायची, उठायची, बसायची, ट्रॉली लावायची, लावलेली पुन्हा लावायची. तिचं बघून मलाही बसवेना.

"मॅडम, उलटं व्हायलंय सगळं," ती एकदा म्हणाली. "आधी भ्या वाटायचं अन् मग हसू यायचं. आता रिकामं हसले तरी मागून भ्या यायलंय. आंग थरथरायलंय. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"नखरे पुरे," मी म्हणाले. तिच्या नोकरीसाठी मी एवढी खटपट केली आणि हिचं हे. राग आला मला.

एक काम मात्र ती चोख करायची. वर्गाच्या दिवशी सकाळी वॉर्डभर फिरून वहीत यादी लिहायची: आज कोणाला बसवायचं नाही. बेडचा नंबर, कारण, आणि खाली माझी सही घ्यायची. मी न वाचता सही ठोकायची. दिवसाला साठ सह्या होतात माझ्या.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. सकाळीच परभणीहून फोन आला, अनंतराव स्वतः येतायत, सोबत कारकून बन्सीधर मोबाईल घेऊन. अहवालात फोटो टाकायचा होता. हॉलमध्ये वीस खुर्च्या मांडल्या आणि पेशंट निघाल्या सात. बाकीच्या कोणी घरी गेलेल्या, कोणाला ताप, आणि तीन जणी राजेश्रीच्या यादीत. रिकाम्या खुर्च्या बघून माझं डोकं फिरलं. मी वॉर्डात गेले. सात नंबरच्या बेडवर तानुबाई बसली होती. पासष्टीची, साखरेची पेशंट, गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस. उभा टाका. वर सारखा खोकला.

"मला बी न्या की बाय," ती म्हणाली. "रोज ऐकायले हितून. घरी कोण हसू देतंय?"

मला माहीत होतं. बत्तीस वर्षांच्या नर्सला पाचव्या दिवसाचा टाका काय असतो हे सांगावं लागत नाही. मी तिला म्हणाले, "मागे बसायचं, मोठ्यानं हसायचं नाही, ही उशी पोटाशी धरायची." आणि हाताला धरून नेलं. आणखी दोघींना नेलं. राजेश्री अनंतरावांना नमस्कार करत होती. तिनं वळून पाहिलं तोवर तिघी मागच्या रांगेत बसल्या होत्या. ती माझ्याजवळ आली. "मॅडम, सात नंबर..." एवढंच बोलली.

"फोटोपुरतं," मी म्हणाले. "सुरू कर."

तिनं सुरू केलं. तानुबाईचं हसणं म्हणजे काय सांगावं. आयुष्यभराचं साठलेलं. पहिल्या हा-हा लाच ती अशी खदखदली की सगळ्या वळून बघायला लागल्या, आणि तिचं बघून त्याही. अनंतराव टाळ्या वाजवत होते. मी भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होते. म्हटलं, झालं एकदाचं छान.

मग राजेश्रीचं हसू बदललं. गोळ्या मोजणं थांबलं. खांदे गदगदायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. अनंतराव म्हणाले, "शाब्बास. याला म्हणतात मनापासून हसणं." राजेश्रीनं हात वर केला आणि बोट मागच्या रांगेकडे दाखवलं. बायांना वाटलं, हा नवा व्यायाम. सगळ्या जणी एकमेकींकडे बोट दाखवून हसायला लागल्या. अनंतरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही, लाज वाटते सांगायला, मीही बोट वर केलं. आणि तानुबाई राजेश्रीकडे बोट दाखवून उशी घट्ट धरून हसत होती.

सहा वर्षं जे हसू ऐकून मी धावले, ते माझ्यासमोर दहा हातांवर होतं आणि मला ओळखू आलं नाही. हास्यवर्गात हसू ऐकून कोण घाबरेल? ही व्यवस्था मीच केली होती. बन्सीधर मोबाईलवर सगळं टिपत होता, त्यात वेळ दिसते. तिनं बोट वर केल्यापासून एक मिनिट चाळीस सेकंद.

कोणीच धावत नाही बघून शेवटी राजेश्रीच खुर्च्या ढकलत मागे पळाली. तिनं उशी बाजूला केली तेव्हा मला अभ्र्यावरचा पाणचट लाल डाग दिसला. टाका उसवला होता. आत काय दिसत होतं ते लिहीत नाही. मी जागच्या जागी खिळले. राजेश्रीनं तानुबाईला जमिनीवर उताणं निजवलं, गुडघे वाकवून खाली खुर्चीची गादी सरकवली, वॉर्डाच्या दारातल्या ट्रॉलीवरची निर्जंतुक गॉज सलाईनमध्ये भिजवून पोटावर झाकली, त्यावर हात अलगद ठेवला आणि बसली. आत काही ढकललं नाही, ओढलं नाही. पुस्तकात आहे तसं, शब्द न शब्द. आणि हे सगळं करताना ती मोठमोठ्यानं हसत होती. बन्सीधरचा मोबाईल चालूच होता.

डॉक्टर आले, बाईला थिएटरमध्ये घेतलं, पुन्हा टाके घातले. तानुबाई वाचली. पण संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत अर्ध्या जिंतुरात फिरली होती. उघड्या पोटावर हात ठेवून हसणारी नर्स. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते वाचून माझे कान गरम झाले. तानुबाईचा मुलगा महारुद्र तडक परभणीला गेला आणि तक्रार देऊन आला. माझ्या आईच्या पोटाशी खेळून सिस्टरनं तिची टिंगल केली, असं लिहिलं होतं. सोमवारी चौकशी ठरली. राजेश्रीला पत्र आलं. मला आलं नाही. मला फक्त साक्षीला बोलावलं होतं.

शनिवारी तानुबाईच्या बेडपाशी गेले. तिला बोलायचं त्राण नव्हतं, तरी हात धरून म्हणाली, "त्या पोरीला काय करू नका. म्या खाली पडलेली, वाटलं आता काय मी जगत न्हाई. मग बघितलं तर ती हसायली. म्हनलं, सिस्टरच हसायली म्हंजी काय लय मोठं न्हाई. तशीच गप पडून राहिले." मुलाला हे सांगितलं का, असं मी विचारलं. "सांगितलं," ती म्हणाली. "त्यो म्हनला, तुला काय कळतंय."

तिच्या हातातून हात सोडवून मी बाहेर आले. ती हालली असती, घाबरून उठली असती, तर काय झालं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

ते दोन दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. घरी एक भांडं तीनदा घासलं. मिस्टरांनी काय झालं विचारलं, तर त्यांच्यावरच ओरडले. यादीची वही माझ्या पर्समध्ये होती. शुक्रवारचं पान: तीन, सात, अकरा, बसवू नये, पोटाचे टाके. खाली माझी सही. वही प्रामाणिकपणे जपली होती असं समजू नका. कपाटात ठेवली तर कोणाच्या हाती लागेल, म्हणून बरोबर घेऊन फिरत होते. अकरा महिन्यांवर निवृत्ती. बत्तीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही. राजेश्री तरुण आहे, तिला दुसरीकडे कुठेही लागेल, असं मी स्वतःला सांगत होते. हसणाऱ्या नर्सची चित्रफीत पाहिल्यावर तिला कोण ठेवणार, हेही मला कळत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वॉर्डातला प्रत्येक माणूस माझ्या पर्सकडे बघतोय असं वाटत होतं.

राजेश्रीनं मात्र एक शब्द विचारला नाही. शनिवार-रविवार ड्युटी केली. तानुबाईचं ड्रेसिंग तिनंच केलं.

सोमवारी आम्ही दोघी जिंतूर स्टँडवरून परभणीच्या एसटीत बसलो. बोरी गाव येईपर्यंत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"मॅडम, काय काय इचारतेल?"

"जे झालं ते. खरं सांगायचं."

"कुणाचं?" तिनं विचारलं.

मी ऊन लागतं म्हणून खिडकीची काच सरकवली. ऊन त्या बाजूला नव्हतंच.

ट्रस्टच्या कचेरीत टेबलामागे अनंतराव, एक डॉक्टरीणबाई आणि एक वकील. एका बाजूला महारुद्र, उंच, उन्हानं रापलेला, मुठी आवळून बसलेला. दुसऱ्या बाजूला आम्ही. आधी चित्रफीत लावली. खोलीभर तिचं हसू घुमलं. संपल्यावर वकिलांनी विचारलं, "बाईंचं पोट उघडं पडलेलं असताना तुम्ही हसत का होता?"

राजेश्रीनं तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं.

"बघा, बघा," महारुद्र उठून उभा राहिला. "आताबी हसायली. माझी माय मरायली होती अन् हिला अजून हसू यायलंय."

अनंतरावांचा चेहरा दगड झाला. "पेशंटला वर्गात कोणी बसवलं?" वकिलांनी विचारलं.

राजेश्री हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं माझं नाव घेतलं नाही. बोलताच येत नव्हतं म्हणा, पण बोट दाखवता आलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिचा हात आपोआप माझ्याकडे वळेल म्हणून तिनंच तो दाबून धरला होता, हे मला दिसलं. मी शेजारीच होते. मी गप्प बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी तेव्हाही गप्प बसले.

तिचं हसू मग वाढलं. श्वास लागेना तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बरोबर दिसत नाहीये. पाणी द्या हिला." मी सवयीनं उठले. सहा वर्षांची सवय. ते हसू ऐकलं की हातातलं टाकून उठायचं. उठले आणि तिथेच थांबले, कारण कोणत्या पेशंटकडे धावायचं ते आता मला कळेना. त्या खोलीत पडलेलं, उसवलेलं दुसरं कोणी नव्हतं. मीच होते.

मी पर्स उघडली आणि वही टेबलावर ठेवली. "शुक्रवारचं पान काढा," मी म्हणाले. "हिनं लिहिलंय, सात नंबरला बसवू नये. खालची सही माझी. दुपारी पेशंटला हाताला धरून मीच नेलं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. ही नको म्हणत होती." मग मी महारुद्रकडे वळले. "आणि ही मुलगी भ्याली की हसते. मला सहा वर्षांपासून माहीत आहे. तुमच्या आईचा टाका उसवलेला तिनं सगळ्यांच्या आधी ओळखला, ते ती बोटानं सांगत होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघून हसत होतो. मीसुद्धा. तक्रार बदलून माझ्या नावानं द्या."

महारुद्र उभाच होता. त्यानं राजेश्रीकडे पाहिलं. आता ती नुसती धापा टाकत होती. "भ्यानं कुणी हसतंय व्हय?" त्यानं विचारलं, पण आवाज खाली आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हसतात काही जण." अनंतराव वहीतल्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. फोटो कोणाला हवा होता, हे बहुधा त्यांनाही आठवलं असावं.

निकाल चार दिवसांनी आला. माझं इनचार्जपद काढलं, उरलेले महिने बाह्यरुग्ण विभागात केसपेपर तपासायचे. राजेश्री आहे तिथे राहिली. हास्यवर्ग बंद झाला. मैत्रेयीनं तिच्या पेपरात, कोणाला हसवू नये, हा एकतिसावा प्रश्न घातला असं ऐकते.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी कचेरीतून निघून आम्ही स्टँडवर जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. राजेश्री तोंड धुऊन आली. डोळे सुजले होते. पहिल्यांदाच ती एका जागी शांत उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी वही काढणारच न्हाईत."

गाडी कुठे दिसते का ते मी बघत होते. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.